पहिला बुडबुडा

गेल्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या फिशटँकमधल्या हायड्रिलाच्या एका पानाच्या कडेला बुडबुडा आला. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. आधी वाटलं, फिल्टरचा असेल. फिल्टर बंद केला. पाणी स्थिर झालं. बुडबुडा पानाला चिकटूनच होता. मी काचेला नाक लावून बघत होते आणि तो माझ्या डोळ्यांदेखत फुगत गेला, टाचणीच्या डोक्याएवढा झाला, एकदम सुटला आणि तुरुतुरु वर जाऊन फुटला. त्याच्या जागी दुसरा येऊ लागला होता! मग शेजारच्या पानावर एक. मग जिथे मी आदल्याच दिवशी काडी खुडली होती त्या तुटलेल्या टोकातून तर ओळच लागली. बारीक मोत्यांची सर कुणी खालून वर ओढतंय, अशी.

मी तशीच धावत शेजारच्या काकांचं दार वाजवायला गेले. "काका, या, लवकर या, सुरू झालं!"

तुम्ही म्हणाल, पाण्यात बुडबुडा आला, त्यात काय एवढं? सांगते. तो बुडबुडा प्राणवायूचा होता. तो त्या पानाने केला होता. आणि ज्या उजेडावर केला होता तो उजेड सूर्याचा नव्हता, दुकानातून खोक्यात बंद होऊन आलेला नव्हता, तर बारा एलईडी, ॲल्युमिनियमची एक पट्टी आणि थोडं कथील एवढ्यातून मी माझ्या हातांनी जोडलेला होता. मी कॉमर्सची पदवीधर, बावीस वर्षं हिशेबाच्या खात्यात काम करते. दिवाळीपर्यंत मला ॲम्पियर आणि व्होल्ट यांतला फरक सांगता आला नसता. आता मी भेटेल त्याला तो सांगत सुटले आहे, तसा तुम्हालाही सांगणार आहे.

टँक मुलाचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, साठेक लिटर पाण्याचा. तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि आठ निऑन टेट्रा, चार गप्पी आणि काही पिवळी पडत चाललेली रोपं माझ्या हवाली करून गेला. वर प्लास्टिकचं झाकण आणि त्यात एक जुनी बारीक ट्यूब. रोपं एकेक करून विरघळत होती. पान आधी पारदर्शक व्हायचं, मग फाटायचं, मग फिल्टरच्या तोंडाशी जाऊन अडकायचं. खत घातलं, पाणी बदललं, उपयोग शून्य. एका रात्री फोनवर मुलगा म्हणाला, "आई, त्यांना उजेड पुरत नाहीये. तू नवीन लाइट करूनच टाक ना."

करून टाक. विकत घे, असं नाही म्हणाला. त्या एका क्रियापदाने सगळं सुरू झालं.

शेजारचे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोंबिवलीत वाल्व्हच्या रेडिओपासून रंगीत टीव्हीपर्यंत सगळं दुरुस्त केलेले. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, हत्यारांची पेटी मात्र पलंगाखाली तशीच. मी त्यांना विचारलं, एलईडीचा लाइट घरी करता येतो का? ते म्हणाले, "अगं, करता येतो म्हणजे काय? मी एलईडी कधी एकापेक्षा जास्त लावलेला नाही, स्टीरिओवरचा तो लाल ठिपका. पण विजेचे नियम तेच. शिकू दोघं."

आणि आम्ही खरंच शिकलो! त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला जे सांगितलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. बल्बला व्होल्टेज दिलं की तो आपल्याला हवा तेवढाच करंट ओढतो. एलईडी तसा नाही. पांढरा असेल तर त्याला साधारण तीन व्होल्टच्या खाली काही कळतच नाही, जवळजवळ अंधार. तीनच्या जरा वर गेलं की लख्ख. आणि तिथून पुढे व्होल्टचा एखादा दशांश इकडेतिकडे झाला तरी करंट भलताच चढतो. त्यात तो तापला की त्याच व्होल्टेजवर आणखी करंट ओढतो, म्हणून आणखी तापतो, म्हणून आणखी ओढतो. त्याला स्वतःला थांबवता येत नाही. म्हणून एलईडीला व्होल्टेज मोजून द्यायचं नसतं, करंट मोजून द्यायचा असतो. ते काम करणाऱ्या चिमुकल्या सर्किटला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या तीन वॉटच्या एलईडीला सातशे मिलिॲम्पियर लागतात. समोर दोन एलईडी असोत की सहा, ड्रायव्हर सातशेच देतो आणि त्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज आपलं आपण जुळवून घेतो. मला हे इतकं आवडलं! हिशेबातच आयुष्य गेलेल्या बाईला एका नखाएवढ्या चिपमध्ये इतका चोख हिशेबनीस भेटला होता.

मग लॅमिंग्टन रोड. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि स्टेशनातून पूर्वेला उतरून पाच मिनिटं चाललं की डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ज्याला अजूनही सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. मी मुंबईच्या आसपास जन्म काढला आणि या रस्त्यावर कधी गेले नव्हते! दुकानं म्हणजे भिंतीतले कोनाडे. एकात नुसते पंखे, एकात नुसत्या वायरी, एकात छतापर्यंत प्लास्टिकचे ड्रॉवर आणि प्रत्येक ड्रॉवरवर पेनाने लिहिलेला एकेक आकडा. काउंटरवर इंजिनीअरिंगच्या पोरांची गर्दी. मी यादी वाचायला घेतली. "तीन वॉटचे स्टार एलईडी, साडेसहा हजार केल्विन, नऊ. सहाशे साठ नॅनोमीटर लाल, दोन. साडेचारशे निळा, एक." दुकानदाराने मान वर करून विचारलं, "ताई, झाडांसाठी का?" मी म्हटलं, "पाण्यातल्या!" त्याने पाकिटात एक जास्तीचा पांढरा टाकला आणि म्हणाला, "पहिला जळतो. ठेवा."

पहिला जळलाच. चूक माझी. हीट सिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवर, बसवायच्या आधीच, नुसता टेबलावर ठेवून, उत्साहाच्या भरात मी तो लावून पाहिला. अर्ध्या मिनिटात त्याचा रंग निळसर झाला, एक वास आला आणि संपलं. एलईडी थंड असतो, असं आपण ऐकत आलेलो असतो. समोरून थंड असतो, उजेडात जुन्या बल्बसारखी धग नसते. पण विजेचा मोठा भाग त्याच्या पाठीतून उष्णता होऊन बाहेर पडतो आणि ती वाहून नेणारं कुणी नसेल तर तो मिनिटभरही तग धरत नाही. ही पाठ सांभाळणं म्हणजेच अर्धं काम. सरकत्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडे दाते असलेली ॲल्युमिनियमची जाड पट्टी मिळाली, वीस इंच. काकांनी खुणा केल्या, मी ड्रिल धरलं, चोवीस भोकं, त्यांना आटे पाडले. आटे पाडताना धातूचे चमकणारे केस निघतात, गोलगोल, खोवलेल्या खोबऱ्यासारखे. प्रत्येक एलईडीच्या पाठीला पांढरी हीट पेस्ट अगदी पातळ लावायची. तिचं काम फक्त एवढंच, की दोन धातूंमध्ये हवा राहू नये. जाड लावली तर तीच आड येते.

आणि सोल्डरिंग! त्याबद्दल मला वेगळं सांगायचंच आहे. आमच्या लहानपणी राजापूरला कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा करून भट्टी, भाता, लालभडक तापलेलं पातेलं, त्यात नवसागराची चिमूट, भस्सकन पांढरा धूर, आणि मग कथलाची कांडी टेकवली की कापसाच्या बोळ्यासरशी पातेलं आरशासारखं. काकांनी सोल्डरिंग आयर्नचं टोक माझ्यासमोर स्वच्छ केलं, राळेत बुडवलं, धूर आला, कथील टेकवलं आणि टोक चांदीसारखं चमकलं, तेव्हा मी एकदम म्हणाले, "काका, ही तर कल्हई!" ते म्हणाले, "कल्हईच. तिथे नवसागर, इथे राळ. धातू मळका असला की कथील धरत नाही." नवसागर काय, राळ काय, दोघांचं काम एकच, धातूवरचा गंज खाऊन टाकायचा. चाळीस वर्षांपूर्वी अंगणात पाहिलेली जादू माझ्या जेवणाच्या टेबलावर चालू होती आणि आता ती माझ्या हातात होती.

एक गोष्ट मात्र काकांना त्यांच्या अनुभवातूनच सुचली आणि ती कुणी करणार असेल तर लक्षात ठेवावी. एलईडी पट्टीवर बसवून मग वायर जोडायला गेलात तर कथील वितळतच नाही, कारण ती सगळी पट्टी आयर्नची उष्णता शोषून घेते. त्यासाठीच तर ती लावलेली असते! म्हणून आधी सुट्या एलईडीच्या कानांना कथील चढवून घ्यायचं, वायरींच्या टोकांनाही, आणि मग बसवल्यावर नुसतं टेकवून एक करायचं.

बारा एलईडींच्या सहा-सहाच्या दोन माळा केल्या. दिवाळीच्या जुन्या माळेसारख्याच, एकामागे एक. पहिली माळ सगळी पांढरी, प्रत्येकी साधारण ३.३ व्होल्ट, म्हणजे एकोणीस पूर्णांक आठ. दुसरीत तीन पांढरे, दोन लाल, एक निळा. लाल एलईडीला कमी व्होल्टेज पुरतं, २.३ च्या आसपास, म्हणून दुसऱ्या माळेची बेरीज सतरा पूर्णांक आठ. दोन्ही चोवीस व्होल्टच्या एकाच सप्लायवर, प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा. मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून टोकं लावली तर लाल एलईडी अगदी मंद पेटला, कुंकवाच्या टिकलीएवढा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा काका आणि मी दोघंही काही बोललो नाही.

पाण्याजवळ वीज आणायची म्हटल्यावर घरच्यांना भीती वाटली आणि ती रास्त होती. म्हणून दोनशेतीस व्होल्ट टँकपासून लांब भिंतीवर, सप्लायच्या डबीतच थांबवले. टँकवर येतात ते फक्त चोवीस. वायरीला बोर्डाच्या खाली झोळ दिला, म्हणजे थेंब ओघळला तर झोळाच्या तळाशी गळून पडेल, प्लगपर्यंत चढणार नाही. एलईडींच्या खाली ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी. मीटरजवळ गळती पकडणारा आरसीसीबी बसवून घेतला, तीस मिलिॲम्पियरचा. आणि हात पाण्यात घालायचा तर आधी प्लग काढायचा, हा नियम मी कधीच मोडत नाही.

पण ते दोन लाल का, हे सांगायला मी मघापासून अधीर झाले आहे. एका दुपारी मुलाच्या खोलीत जुनी सीडी सापडली. तिच्या मागच्या बाजूवर दिव्याचं प्रतिबिंब तिरकं धरलं की इंद्रधनुष्य दिसतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. मी ट्यूबलाइटखाली धरली. इंद्रधनुष्य तुटकं होतं! एक जांभळट पट्टा, मग जवळजवळ अंधार, मग झणझणीत हिरवा, मग केशरी-लाल, मध्ये खिंडारं. मग पांढऱ्या एलईडीखाली धरली. सलग. निळा जोरदार, त्यानंतर एक फिका भाग, मग हिरवा-पिवळा भरगच्च आणि तांबड्याकडे जाताना विरळ होत गेलेला. सूर्याखाली धरली तर कुठेच खंड नाही. म्हणजे "पांढरा" या एका शब्दात इतके वेगवेगळे पांढरे असतात! मी पन्नास वर्षं उजेडात राहिले आणि उजेडाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मग कळलं की पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच, निळा असतो. न पेटलेल्या एलईडीत डोकावून पाहा, आत पिवळा ठिपका दिसतो. तो पिवळा लेप निळ्या उजेडातला काही भाग गिळून पिवळा करून परत देतो आणि उरलेला निळा त्यात मिसळून आपल्या डोळ्यांना पांढरा वाटतो. लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला, पण झगझगीत निळा यायला १९९०चं दशक उजाडलं. गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक कुणाला जमत नव्हते. बहुतेकांनी नाद सोडला, पण जपानमधल्या तिघांनी नाही. नागोयात इसामु अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो, आणि तोकुशिमात शुजी नाकामुरा. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. आणि एक गंमत ऐका! पाण्यातल्या रोपांची बाग लावायची जी शैली आज जगभर चालते, ती ज्यांनी रुजवली त्या जपानी कलावंताचं नाव ताकाशी अमानो. टँकच्या वर एक अमानो, आत दुसरे. मला हे कळलं त्या रात्री झोप आली नाही.

आणि पान? पानाला सगळे रंग सारखे आवडत नाहीत. १८८२ साली थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एका शेवाळाच्या तंतूवर, सूक्ष्मदर्शकाखाली, लोलकातून चिमुकलं इंद्रधनुष्य पाडलं. पाण्यात त्याने प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले होते. जिथे शेवाळ जास्त प्राणवायू करेल तिथे ते गोळा होणार. ते तांबड्यापाशी आणि निळ्यापाशी दाटीवाटीने जमले, हिरव्यापाशी अगदी थोडे. काय सुंदर डोकं! मोजायला यंत्र नाही, तर मोजायला जीवच लावले. हिरवा उजेड अगदीच फुकट जातो असं नाही, पानं तोही वापरतात. पण हरितद्रव्याची खरी ओढ तांबड्या-निळ्याकडे. माझ्या पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर आणि गडद तांबडा कमी. म्हणून ते दोन, सहाशे साठचे.

डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी लाइट टँकवर चढला. पाण्यापासून आठ इंच वर, लाकडी चौकटीत. खोलीतले दिवे घालवले, स्विच दाबला.

आणि वाळूवर ऊन नाचायला लागलं.

याची मला कुणी कल्पनाच दिली नव्हती! ट्यूबचा उजेड लांबट, पसरट, त्याखाली पाणी नुसतं उजळतं. एलईडी म्हणजे ठिपका. त्याच्याखाली पाण्याची प्रत्येक लाट भिंगासारखी होते आणि तळावर सोनेरी रेषांची जाळी पाडते, हलणारी, जुळणारी, तुटणारी. आमच्या घरामागच्या पऱ्याच्या तळाशी, पावसाळा सरल्यावर, गुडघाभर नितळ पाण्यात हीच जाळी असायची. आम्ही तिच्यात पाय रोवून उभे राहायचो आणि ती पायांवरून धावायची. मी टँकसमोर जमिनीवर बसले ती उठलेच नाही. निऑन टेट्रा आधी अचानक उजेडाने बिचकून कोपऱ्यात गेले. आता मी आधी खोलीतला दिवा लावते, मग थोड्या वेळाने हा. मग ते एकेक करून बाहेर आले आणि त्यांच्या अंगावरचा निळा पट्टा पेटला. तो निळा रंग त्यांच्या कातडीत नाहीच! कातडीत अतिशय पातळ स्फटिकांचे थर आहेत, ते उजेडातला निळा तेवढा परतवतात. उजेड नाही तर निळाही नाही. म्हणजे ट्यूबखाली दोन वर्षं मी हे मासे पाहिले, ते पुरते पाहिलेच नव्हते.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. मी आनंदाने दहा-दहा तास दिवा ठेवला आणि काचेवर हिरवं शेवाळ आलं, मग वाळूवर, मग पाणीच मुगाच्या कढणासारखं झालं. उजेड वाढवला की रोपांची भूकही वाढते, आणि त्यांना तेवढं बाकीचं अन्न मिळालं नाही तर उरलेला उजेड शेवाळ खातं. सात तासांवर आणलं, बारा ते सात, प्लगच्या टायमरवर. पाणी बदलत राहिले. माघ उजाडेपर्यंत काच साफ झाली. माहेरच्या तळ्यातून बाटलीत घालून आणलेलं हायड्रिला गोगलगायींच्या भीतीने दोन आठवडे बादलीत ठेवलं होतं, ते आत लावलं.

हायड्रिलाच का? दहावीच्या आसपास आपण सगळ्यांनी ती आकृती काढलीय. चंचुपात्र, त्यात हायड्रिला, वर उपडं नरसाळं, त्यावर उलटी परीक्षानळी. बाण काढून नावं दिली, "प्राणवायूचे बुडबुडे" असं लिहिलं, गुण मिळाले. आमच्या शाळेत तो प्रयोग झाला नाही. मी बुडबुडे पेन्सिलीने काढले होते, पाहिले कधीच नव्हते.

१७७९ साली इंगेनहाउझ नावाच्या डच डॉक्टरने इंग्लंडमध्ये एका उन्हाळ्यात पाचशेच्या वर प्रयोग करून दाखवलं की पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात थांबतात. आणि आपले जगदीशचंद्र बोस! त्यांनी हायड्रिलाच निवडलं, त्याच्या एकेका बुडबुड्याची आपोआप नोंद करणारं यंत्र बांधलं आणि १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण मी खुर्चीतून उठले ते पुढचं वाचून. १९०४ साली याच बोसांना अमेरिकेत पेटंट मिळालं होतं, गॅलेनाच्या स्फटिकाने विद्युतलहरी पकडणाऱ्या उपकरणाचं. ते अर्धवाहकाच्या उपकरणाचं जगातलं पहिलं पेटंट मानतात. अर्धवाहक! म्हणजे ज्या जातीच्या पदार्थातून माझा एलईडी झालाय ती जात. माझ्या टँकच्या वरच्या टोकाला जे आहे आणि खालच्या टोकाला जे आहे, त्या दोन्हींत एकाच माणसाने आयुष्य घातलं होतं. मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले.

तर रविवार. काका आले, चष्मा बदलला, खुर्ची ओढून टँकसमोर बसले. त्यांच्या घड्याळात अजून सेकंदकाटा आहे. ते म्हणाले, "मोज. मी मिनिट सांगतो." तुटलेल्या टोकातून निघणारे बुडबुडे मी मोठ्याने मोजले. एक्केचाळीस. पुन्हा, एकोणचाळीस. पुन्हा, चाळीस. मी वही आणली. दुसरी माळ, तांबडी-निळी असलेली, बंद केली, दहा मिनिटं थांबलो, मोजलं. बावीस. ती लावून पहिली पांढरी माळ बंद केली. टँक गुलाबीसर झाला, निऑन काळपट दिसायला लागले. सतरा. मग दोन्ही बंद. खिडकीचा पडदा ओढला. मोबाइलच्या मंद उजेडात बघत राहिलो. बुडबुड्यांमधलं अंतर वाढत गेलं. एक आला. बऱ्याच वेळाने आणखी एक, तो टोकाशी अडकून राहिला, सुटलाच नाही.

"लाव," काका हलक्या आवाजात म्हणाले. मी दोन्ही स्विच दाबले. जाळी वाळूवर परत धावली. अडकलेला तो बुडबुडा फुगला, सुटला, आणि मागून ओळ चालू झाली.

मुलाला व्हिडिओ कॉल केला. फोन काचेला टेकवला तरी त्याला नीट दिसेना, म्हणून मीच सांगत राहिले, आत्ता एक गेला, आत्ता दुसरा. तो हसत होता. त्याने विचारलं, हे सगळं करायला किती खर्च आला? मी खरं सांगते, तीन हजारांच्या आत, आणि जळालेला एलईडी धरून.

फोन ठेवला तेव्हा काका माझ्या वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडत होते. जुन्या सवयीने प्रत्येक आकड्याखाली रेघ. सतरा पूर्णांक आठ. त्याखाली दोन पूर्णांक तीन, दोनदा. बेरीज बावीस पूर्णांक चार.

"चोवीसात बसतं गं," ते म्हणाले. "दुसऱ्या माळेत आणखी दोन तांबडे लावले तर? चाळीसचे पन्नास होतात का बघू."

पट्टीवर दोन एलईडींची जागा आहे, मी लगेच मोजून पाहिलं. भोकं मात्र चार पाडावी लागतील. शनिवारी सकाळी लॅमिंग्टन रोडला जायचं ठरलंय, आणि या वेळी काकाही येणार आहेत.